कारणाचा रकाना

मंगळवार, ४ मार्च

प्रिय ढापण्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर केला, त्याबद्दल देशील ती शिक्षा कबूल. खिशात फोन असताना आपण दोघं अजून पत्रं लिहितो म्हणून पोस्टमन माझ्याकडे जरा कीव केल्यासारखा बघतो. बघू दे. फोनवर आपण व्याही होतो. 'काय म्हणता, बरं आहे ना, बरं बरं.' कागदावर निदान तू ढापण्या आणि मी कवी राहतो, तिसऱ्या बाकावरचे.

गुडघ्याचं काय झालं? वहिनींचं ऐक आणि या वयात स्टुलावर चढून पंखे पुसू नकोस.

इकडे सगळं ठीक. माझं म्हणशील तर सकाळपासून एका जागी बसवत नाही. हे पत्र तिसऱ्यांदा सुरू करतोय. मधे उठून चहा टाकला, तो उतू गेला, ओटा पुसला, परत आलो तर पेन सापडेना. कानावरच होतं.

तू विचारलं होतंस, निवृत्त झालेला माणूस पुन्हा इस्पितळाच्या खिडकीवर जाऊन काय करतो. सांगतो. तातडीच्या विभागाच्या दाराशी माझी खिडकी. दुपारी दोन ते आठ. कापलेलं, भाजलेलं, मोडलेलं माणूस आलं की त्याचा फॉर्म भरायचा. पूर्वी नाव, वय, पत्ता एवढंच असे. दोन वर्षांपूर्वी नव्या डॉक्टरबाई आल्या आणि त्यांनी त्यात 'कारण' असा एक मोठा रकाना घातला. दुखापत दुसऱ्या कोणी केली असेल तर चार गोष्टी विचारायच्या: कुठे, कधी, कशानं, आणि करणारा नात्यानं कोण. महिनाअखेरीला बाई कागदांवरची नावं वगळतात, उरलेलं एकत्र करतात आणि शहराच्या नकाशावर टाचण्या टोचतात. मग त्या नकाशाभोवती पोलीस, नगरपालिकेचे लोक, शाळांचे मुख्याध्यापक असे बसतात. बाई म्हणतात, मार खाल्लेली कितीतरी माणसं पोलिसांकडे जातच नाहीत, पण टाके घालायला आपल्याकडे यावंच लागतं.

आणि त्याचा उपयोग होतो बरं का. बाजाराच्या मागे एक अंधारा बोळ आहे. तिथून महिन्याला वीस-बावीस जण डोकं फुटून यायचे. जवळजवळ सगळ्यांच्या फॉर्मवर 'कशानं' पुढे एकच उत्तर: बाटली. टाचण्यांची गर्दी बघून पालिकेनं तिथे दिवे लावले आणि दुकानदाराला रिकाम्या बाटल्यांचे खोके आत ठेवायला लावले. गेल्या महिन्यात सात जण आले. म्हणजे माझ्या अक्षरामुळे एका बोळात उजेड पडला, असं मी मनाशी म्हणतो. शाळेत असताना आपल्याला वाटायचं की हे काम कवितेचं असतं.

नकाशावर आमची गल्लीही आहे. कोरी. एक टाचणी नाही. बाई परवा म्हणाल्या, "काका, तुमच्या गल्लीत काय सगळे संत राहतात का?"

मी म्हटलं, "शेजार चांगला आहे."

चिमणी बरी आहे. तिच्या मनगटाचं विचारलंस. प्लास्टर कधीच निघालं. नोव्हेंबरात जिन्यावरून पाय घसरला होता, तेवढंच. तुझा जावई कामात असतो. पिटुकली पहिलीत गेल्यापासून घरी आल्यावर माझी शाळा घेते आणि मला सारखी मागच्या बाकावर बसवते.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
कवी


मंगळवार, ११ मार्च

प्रिय ढापण्या,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. इस्पितळाच्या उपाहारगृहात बसलोय. खिडकी उघडायला पाऊण तास आहे. शेजारच्या टेबलावर दोन वॉर्डबॉय भांडतायत, 'माझी सुट्टी तूच खाल्लीस' म्हणून. इथे मन लागेल असं वाटलं होतं, पण नाही.

आपले मराठीचे गुरुजी आठवतात? उंच, खोकणारे, खडूचं टोक शर्टाच्या खिशात ठेवणारे. 'कवितेचा आशय आपल्या शब्दांत लिहा.' तू कवितेच्या ओळी होत्या तशा उतरवून द्यायचास आणि दहापैकी तीन घ्यायचास. मी त्यात पहाट घालायचो, दवबिंदू घालायचो, कवीच्या मनात कधी आलं नसेल ते घालायचो आणि नऊ घ्यायचो. एकदा नदीवरच्या कवितेत मी एक नावाडीच आणून बसवला. गुरुजी म्हणाले, "हा कुठून आला रे? पण छान बसलाय." सगळा वर्ग हसला होता, तू सोडून. तू म्हणालास, "पण तो कवितेत नाहीये." मला तुझा तेव्हा राग आला होता. पन्नास-साठ वर्षांनी तो राग गेलाय, हे तुला कळवायचं राहिलं होतं.

कालची गोष्ट सांगतो. डॉक्टरबाईंनी मला खोलीत बोलावलं. बाई वयानं आपल्या चिमणीएवढ्याच असतील. समोर फॉर्मांचे दोन गठ्ठे. म्हणाल्या, "काका, बसा. एक गंमत दिसतेय. तुमच्या ड्युटीत बायका जास्त पडतात."

मी हसलो. म्हटलं, "माझं तोंड बघून तोल जात असेल."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सकाळच्या ड्युटीला ती नवी क्लार्क असते ना, तिच्याकडे मार लागलेल्या दहा बायका आल्या तर चारजणी सांगतात की कोणीतरी मारलं. तुमच्याकडे दहात एक. बाकीच्या सगळ्या पडलेल्या. दोन्ही वेळा तेच शहर, त्याच गल्ल्या."

"बायकांना बाईमाणसाशी बोलणं सोपं जात असेल," मी म्हटलं.

"मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून मी आतले कागद काढले, तपासणाऱ्या डॉक्टरांचे. आणि तुमचे फॉर्म शेजारी ठेवले." त्यांनी एक एक फॉर्म टेबलावर मांडायला सुरुवात केली, पत्ते मांडतात तसे. "हे वाचा."

मी वाचलं. माझंच अक्षर, मोत्यासारखं. 'जिन्याच्या पायरीवरून तोल जाऊन पडल्याने.' दुसरा फॉर्म: 'जिन्याच्या पायरीवरून तोल जाऊन पडल्याने.' तिसरा. चौथा.

"अकरा आहेत," त्या म्हणाल्या. "अकरा वेगवेगळ्या बायका, अकरा वेगवेगळे दिवस, आणि सगळ्या एकाच वाक्यात पडल्या. काका, हे त्यांचं वाक्य नाही, तुमचं आहे. त्या काय म्हणाल्या होत्या?"

मी म्हटलं, "गर्दी असते. कोणी सासूबरोबर येते, कोणी नवऱ्याबरोबर. रडत असतात, निम्मं बोलतात, निम्मं गिळतात. त्यातून मला अर्थ लावून लिहावं लागतं."

"अर्थ मी लावीन. तुम्ही फक्त शब्द लिहा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला रागावता आलं असतं.

बाहेर पडलो तर लक्षात आलं, चष्मा त्यांच्या टेबलावरच राहिला. आणायला परत गेलो नाही. आज जुन्या चष्म्यानं लिहितोय, म्हणून ओळी तिरप्या.

तुला हे कशाला लिहितोय कोण जाणे. दोन वाजत आले. उठतो.

चिमणी बरी आहे.

तुझा,
कवी


शुक्रवार, २१ मार्च

प्रिय मित्रा,

तुझं कार्ड सोमवारी मिळालं. एकच ओळ. 'तुझ्या घराला जिना कुठला?'

ढापण्या, तू बदलला नाहीस.

नाही. आमच्या घराला जिना नाही. तू चार वेळा आला आहेस, तुला माहीतच आहे. तळमजल्यावरच्या तीन खोल्या, पुढे-मागे दारं.

दोनदा फोन हातात घेतला होता. फोनवर मी गोड बोलून वेळ मारून नेली असती, म्हणून ठेवून दिला. हे पत्र मी चिमणीच्या परवानगीनं लिहितोय. ती म्हणाली, "अप्पांना तुम्हीच कळवा. मी सांगितलं तर ते माझीच समजूत घालतील, त्यांना जावयाचं फार कौतुक. पण बाबा, माझे शब्द लिहा. तुमचे नकोत." तेव्हा यात कुठे पहाट किंवा नावाडी दिसला तर तो खोडून वाच.

त्या अकरा फॉर्मांत एक तुझ्या मुलीचा आहे.

नोव्हेंबरात ती खिडकीवर आली तेव्हा एकटीच होती. उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं. मी उठू लागलो तर म्हणाली, "बसा बाबा. फॉर्मवर जे विचारलंय ते विचारा." म्हणजे ती मुद्दाम माझ्याकडे आली होती, हे आज कळतं. घरात ते बोलायला जागा नव्हती. तिला वाटलं, इथे तरी मला विचारावंच लागेल, ते माझं कामच आहे.

मी विचारलं, कुठे?

"घरी. स्वयंपाकघराच्या दारात."

कशानं?

"दारानं. हात चौकटीत होता, आणि दार लावलं."

कोणी?

ती म्हणाली, "तुमच्या मुलानं."

'माझ्या नवऱ्यानं' म्हणाली नाही. मी पेन टेकवलं आणि माझ्या हातानं ते वाक्य लिहिलं. आधीच्या बायकांसाठी लिहून लिहून ते इतकं गुळगुळीत झालं होतं की विचारही करावा लागला नाही. जिन्याच्या पायरीवरून तोल जाऊन. मग फॉर्म काचेखालून तिच्याकडे सरकवला. तिनं तो पूर्ण वाचला. माझ्याकडे बघितलं. आणि डाव्या हातानं सही केली.

त्यानंतर चार महिने आम्ही एका घरात राहिलो. तिनं मला रोज चहा दिला, मी तो रोज प्यायलो.

परवा बुधवारी, सव्वादोनच्या सुमाराला, ती पुन्हा आली. कानावर ओढणी दाबून धरली होती. दारातून चार पावलं आत आली, खिडकीत मला बघितलं आणि वळली. तशीच परत निघाली, कानावरचा हात न काढता. माझ्यासमोर सहाजण रांगेत होते. त्यांच्यातल्या कोणाला काही कळलं नाही. मी एका माणसाच्या पायाच्या अंगठ्याचा फॉर्म भरत होतो.

मी उठलो. मागून ओरडा झाला, "अहो काका, माझा अंगठा!" "अहो, चहाला निघालात काय!" मी फाटकापर्यंत धावलो, म्हणजे माझ्या वयाला जेवढं धावता येतं तेवढं. ती बसथांब्यावरच्या बाकावर बसली होती. मी शेजारी बसलो. दम लागल्यानं मला बोलता येईना, तिला एका कानानं ऐकू येईना.

मग म्हणाली, "तुमच्या खिडकीवर मला सांगायचं नाही. तिथं एकदा सांगून झालंय."

मी म्हटलं, "माझ्या खिडकीवर नको. चल."

तिला मी डॉक्टरबाईंकडे नेऊन पोचवलं आणि दाराबाहेर उभा राहिलो. आत ती नवी क्लार्क फॉर्म घेऊन गेली. सकाळची ड्युटी संपून तिला घरी जायचं होतं, पण थांबली. आत अर्धा तास बोलणं चाललं होतं. कानाचा पडदा फाटलाय. भरून येईल म्हणतात. औषध चालू आहे, पाणी जाऊ द्यायचं नाही, येत्या गुरुवारी पुन्हा तपासायचंय.

नंतर बाईंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "तिची तयारी आहे. नोव्हेंबरचा फॉर्म दुरुस्त करता येईल, पण त्याला तुमचं निवेदन लागेल. तिनं काय सांगितलं आणि तुम्ही काय लिहिलंत. नकाशासाठी नाव निघून जाईल. पण ती उद्या कोर्टात गेली तर हा कागद नावानिशी मागितला जाईल. तुमचा मुलगा आहे. विचार करून सांगा."

मी म्हटलं, "कागद द्या."

ते निवेदन लिहायला तीन कागद फुकट गेले. पहिला वाचून बाई म्हणाल्या, "काका, 'उद्विग्न' काढा. ती असं म्हणाली का?" दुसऱ्यात मी लिहिलं होतं, 'घरगुती मतभेदातून.' त्यांनी त्याखाली रेघ ओढून कागद परत दिला. तिसरा मीच फाडला. चौथ्या कागदावर साडेचार ओळी झाल्या. उरलेल्या दहाजणींचे फॉर्मही मी पुढे ओढले. ज्यांचे शब्द आठवतात त्यांचे लिहून दिले. सातजणींचे आठवतात. एक म्हणाली होती, "लाटण्यानं मारलं." इतकंच. तिघींचे आठवत नाहीत, कितीही आठवलं तरी आठवत नाहीत. बुधवारपासून मी त्या तिघींचे चेहरे आठवत घरभर फिरतोय. खिडकी मी सोडली. बाईंनीही राहा म्हटलं नाही.

चिमणी आणि पिटुकली त्याच संध्याकाळपासून तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडे आहेत. घरात मी आणि तो.

काल संध्याकाळी मी त्याला सगळं सांगितलं. लिहून दिलं तेही सांगितलं. तो जेवत होता. ताट बाजूला सारलं. मला वाटलं, आता उठेल. उठला नाही. म्हणाला, "बाबा, स्वतःच्या मुलाविरुद्ध?"

मी म्हटलं, "ती म्हणाली तेच लिहिलं."

तो हसला. म्हणाला, "तेच? अगदी सगळं? मग त्या सकाळी तुम्ही कुठं होता, ते लिहिलंत का?"

ते मी लिहिलं नव्हतं. निवेदनात नव्हतं, आणि ढापण्या, या पत्रातही वर नाही. खिडकीवरचं आमचं बोलणं तुला मी उतरवून दिलं, त्यातला एक प्रश्न गाळला. चार प्रश्न असतात, तू मोजले असतील तर तीनच भरले. मी 'कधी' असंही विचारलं होतं. ती म्हणाली होती, "सकाळी दहाला. तुम्ही पुढच्या खोलीत होता, बाबा."

होतो. सुट्टीचा दिवस होता. मी आणि पिटुकली. आतला आवाज चढला तशी ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिला मांडीवर घेतलं आणि कविता म्हणायला लागलो. पाखरांची, सोपी, टाळ्या वाजवत म्हणायची. आतून काहीतरी आपटलं, मी आवाज वाढवला. पुन्हा आपटलं, आणखी वाढवला. चिमणी एकदा ओरडली. मी कडवं मधे तोडलं नाही. पिटुकलीला त्या वर्षात सोळा कविता पाठ झाल्या. सगळ्या अशाच झाल्या. गेल्या सुट्टीत तिनं तुम्हा दोघांसमोर उभं राहून त्या म्हणून दाखवल्या तेव्हा तू म्हणालास, "आजोबांनी मेहनत घेतलीय."

आज सकाळी बाई येताच मी जाऊन पाचवा कागद जोडला. बाईंनी वाचून एकच विचारलं, "ऐकू आलं होतं?" मी म्हटलं, "हो." त्यांनी तो शब्दही लिहायला लावला.

आता कामाचं. पुढच्या शनिवारी, २९ तारखेला, दुपारी तीनच्या बसनं दोघी तुझ्याकडे निघतील. साडेसातपर्यंत पोचतील. स्टँडवर तू स्वतः जा, कोणाला पाठवू नकोस. डाव्या बाजूनं बोललास तर तिला ऐकू येणार नाही, उजवीकडे उभा राहा. वहिनींना आधी सांगून ठेव, म्हणजे दारातच रडारड नको, पिटुकली घाबरते. समजूत घालू नकोस. जमवून घे म्हणू नकोस. तो तुला फोन करील, फार छान बोलेल, ते त्याला माझ्याकडून आलंय. ऐकून घेऊ नकोस. तिचे कागद तिच्या पिशवीत आहेत, शिक्क्यानिशी, वकिलाकडे न्यायला. मी त्यांना बसमध्ये बसवायला जाणार नाही. तिनं येऊ नका म्हटलंय.

माझ्याबद्दल तुला काय वाटेल ते मी ओळखू शकतो, पण ओळखून लिहिणार नाही. तू लिही. पुन्हा एकच ओळ असली तरी चालेल, शिवी असली तरी चालेल. काहीच आलं नाही तर तेही मी समजून घेईन.

दुपारचे दोन वाजलेत. इतकी वर्षं या वेळेला मी कुठेतरी लिहायला बसलेला असे. आज दारं सताड उघडी टाकून बसलोय. घर इतकं शांत आहे की आत कोणी काही बोललं तर इथे, पुढच्या खोलीत, शब्द न शब्द ऐकू येईल.

तुझ्या मुलीचा सासरा